अंमळ थांबत, अंमळनेर

तुमच्या घरात पंचाहत्तरी ओलांडलेले कोणी असेल, तर ‘सहल’ हा शब्द ऐकताच त्यांच्या चेहऱ्यावर उमटणारी शंका तुम्हाला परिचित असेल. पायऱ्या किती आहेत, स्वच्छतागृह कोठे आहे, आणि मुख्य म्हणजे आपल्यामुळे इतरांचा खोळंबा तर होणार नाही ना, हे तीन प्रश्न तोंडाने विचारले जातात किंवा विचारले जात नाहीत, पण मनात असतात. किल्ले, लेणी, घाटमाथे अशी स्थळे मग आपोआपच यादीतून गळतात. या लेखात जिच्याविषयी लिहीत आहे ती फेरी अशा ज्येष्ठांसाठी आणि त्यांचा हात धरून चालणाऱ्यांसाठी आहे. चढण नाही, गर्दी नाही. बघायला भव्य असे काहीही नाही, हेही आधीच सांगून ठेवतो.

गाव आहे जळगाव जिल्ह्यातील अंमळनेर. सरकारी कागदांवर ‘अमळनेर’ असे लिहितात. जुन्या माणसांच्या तोंडी अनुस्वार अजून टिकून आहे. ‘अंमळ बसा’, ‘अंमळ थांबा’ असे म्हणणारी पिढी आता विरळ झाली. गावाच्या नावाची व्युत्पत्ती काही वेगळी असेल, पण या फेरीपुरता मी त्या नावाचा अर्थ तोच धरतो. थोडे चालावे, अंमळ थांबावे, पुन्हा थोडे चालावे.

गुडघे आणि हृदय सांभाळणाऱ्या माणसाने अंमळनेरात काय पाहावे? माझे उत्तर असे आहे: विसाव्या शतकातील दोन्ही महायुद्धांच्या वर्षांत या लहानशा कापूसपेठेत ज्ञानाची आणि उद्योगाची काही घरे उभी राहिली. एक १९१६ साली, दोन १९४५ साली. त्यांपैकी एका घरातून जे बाहेर पडले, ते तुमच्या-माझ्या स्वयंपाकघरात येऊन तीस-चाळीस वर्षे राहिले. आज आपण डॉक्टरांसमोर बसून ज्या गोष्टींची चिंता करतो, त्यांच्याशी त्याचा संबंध आहे. माझ्या आईच्या मनात तर तो संबंध एखाद्या काट्यासारखा रुतून बसला होता.

जळगावहून सुरतेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर धरणगाव मागे टाकले की अंमळनेर येते; अंतर सुमारे ५५ किलोमीटर. धुळ्याहून एसटीने यावे. ते अंतर त्याहून कमी, सुमारे ३५ किलोमीटर. मार्गशीर्ष ते माघ हा काळ उत्तम. फाल्गुनानंतर खानदेशचे ऊन ज्येष्ठांनी अंगावर घेऊ नये, आणि वैशाखात तर येथे पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो. रेल्वेने येत असाल, तर गाडी कोणत्या फलाटावर लागते हे उतरण्यापूर्वीच विचारून घ्या. पूल ओलांडावा लागला तर घाई नको, गर्दी ओसरू द्या. पायरी चढताना बरा पाय आधी आणि उतरताना दुखरा पाय आधी, हा नियम लक्षात ठेवा. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात असावी. सोबत करणाऱ्याने पुढे चालून ‘या, या’ म्हणत बसू नये. दुर्बळ बाजूला, अर्धे पाऊल मागे राहावे. मी स्वतः हे फार उशिरा शिकलो. कितीतरी दिवस मी आईच्या पुढे चालत होतो आणि ती माझ्या पाठीकडे बघत वेग वाढवत होती.

ज्या जागा सांगणार आहे त्या गावात विखुरलेल्या आहेत. एका जागेहून दुसरीकडे रिक्षाने जावे आणि प्रत्येक ठिकाणी दहा-पंधरा मिनिटे पायी फिरावे. चालताना सलग दोन वाक्ये बोलता आली पाहिजेत. शब्दाशब्दाला श्वास लागू लागला तर थांबायची वेळ झाली असे समजावे. लघवीची गोळी घेणाऱ्यांनी प्रवासाच्या दिवशी ती परस्पर टाळू नये. वेळ पुढे-मागे करायची असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. मधुमेह असणाऱ्यांच्या खिशात खडीसाखर असावी. आणि बाकावरून उठताना क्षणभर उभे राहूनच पहिले पाऊल टाकावे, कारण रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना भोवळ येते ती बहुधा याच क्षणी.

पहिला थांबा तत्त्वज्ञान मंदिर. श्रीमंत प्रतापशेठ या गिरणीमालकाने १९१६ साली ही संस्था स्थापन केली. ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ फिलॉसॉफी’ या नावाने ती देशभर ओळखली जाई आणि आता ‘प्रताप तत्त्वज्ञान केंद्र’ म्हणून ओळखली जाते. पाहुण्याला नवल वाटते ते याचे, की कापसाच्या गाठींचा व्यापार करणाऱ्या गावात, गिरणीच्या पैशांतून, अद्वैत वेदान्ताचा आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा अभ्यास करणाऱ्यांना राहण्याची-जेवण्याची सोय करून द्यावी असे कोणाला वाटले. कृष्णचंद्र भट्टाचार्य, घनश्यामदास मलकानी, रासविहारी दास, टी. आर. व्ही. मूर्ती अशी नावे या संस्थेशी जोडलेली आहेत. मलकानी, दास आणि मूर्ती या तिघांनी मिळून १९३३ साली जो ग्रंथ लिहिला, त्याचे नाव होते ‘अज्ञान’. ज्ञानाच्या मंदिरात बसून तिघा विद्वानांनी अज्ञानावर ग्रंथ लिहावा, ही गोष्ट मला फार आवडते. साने गुरुजीही प्रथम या संस्थेच्याच ओढीने या गावात आले आणि पुढे १९२४ पासून येथील शाळेत शिक्षक झाले.

येथे घाई करू नका. आवारात सावलीत टेका आणि १९१६ हे वर्ष डोळ्यांसमोर आणा. मंदिराची स्थापना होत होती, तेव्हा हजारो कोस दूर मेसोपोटेमियात, टायग्रिस नदीच्या काठी कुट या गावी आपल्याच पुणे डिव्हिजनचे सैनिक वेढ्यात अडकले होते. त्यांत मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी त्यांना शरणागती पत्करावी लागली. आरोग्याच्या पाक्षिकात या वेढ्याचा उल्लेख करण्याचे कारण असे, की तेथे उपासमारीबरोबरच दोन रोग पसरले आणि ते दोन्ही रोग माणसे निवडून झाले. गोरे सैनिक मैद्याचा पांढरा पाव खात; त्यांना बेरीबेरी झाला. हिंदी सैनिकांच्या शिध्यात कोंड्यासकट आटा होता, म्हणून ते बेरीबेरीपासून बरेचसे बचावले. पण ताजी भाजी आणि फळे न मिळाल्याने त्यांच्या हिरड्या सुजल्या, रक्त येऊ लागले, म्हणजे स्कर्व्ही झाला. एकाच वेढ्यात, एकाच उपासमारीत, केवळ पीठ वेगळे म्हणून रोग वेगळा. ‘व्हिटॅमिन’ हा शब्द तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता. अशाच अनुभवांतून आहारशास्त्र नावाची विद्या वाढली, आणि १९१८ साली निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी बेरीबेरीच्या शोधासाठी जी छोटी प्रयोगशाळा मांडली, तिचीच पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था झाली.

युद्ध माणसाला पहिल्यांदा पोटाचे शास्त्र शिकवते, हे या फेरीत वारंवार आढळेल.

तत्त्वज्ञान मंदिरातून प्रताप महाविद्यालयाकडे. हे १९४५ सालचे. सुटीच्या दिवशी गेलात तर मुलांची वर्दळ नसते आणि चालणे सुखाचे होते. इमारतींपेक्षा मला येथे एक घरगुती आठवण महत्त्वाची वाटते. ती तुम्हाला सांगितल्यावाचून पुढच्या थांब्याला अर्थ येणार नाही.

अंमळनेर हे माझ्या आईचे माहेर. तिचा थोरला भाऊ, म्हणजे माझा मामा, पन्नाशीच्या दशकात या महाविद्यालयात विज्ञान शिकत होता. त्या काळी घरोघरी एकच धास्ती असे: तुपात ‘वनस्पती’ मिसळलेली तर नाही ना? सरकारलाही तीच धास्ती होती. वनस्पती दिसायला तुपासारखी, गोठायला तुपासारखी, आणि किमतीला तुपाहून पुष्कळ स्वस्त. गांधीजींचा तिला विरोध होता तो याच फसवणुकीमुळे. तिला रंग द्यावा, म्हणजे ती ओळखू येईल, अशी मागणी वर्षानुवर्षे होत राहिली. पण टिकेल आणि अपायही करणार नाही असा रंग काही सापडेना. मग कायद्याने एक युक्ती केली. प्रत्येक वनस्पतीत किमान पाच टक्के तिळाचे तेल मिसळणे कारखान्यांना बंधनकारक केले. का? तर तिळाच्या तेलात एक असा घटक असतो, जो साखर आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्याबरोबर हलवला की गुलाबी होतो. शुद्ध तूप गुलाबी होत नाही. म्हणजे वनस्पतीच्या पोटात तिचा साक्षीदारच लपवून ठेवला.

मामाने ही परीक्षा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत शिकून घेतली आणि एके दिवशी काचनळी व बाटली घेऊन घरी आला. घरोघर तूप घालणाऱ्या बाईचे तूप त्याने सर्वांसमक्ष तपासले. आई तेव्हा नऊ वर्षांची होती. ती सांगते, की सगळे घर श्वास रोखून काचनळीकडे पाहत होते आणि तळाशी हळूहळू गुलाबी रंग उतरला. आजी काहीच बोलली नाही. तूपवाली दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे आली, तेव्हा आजीने तिला चहा दिला आणि तिच्याकडून तूप घेणे थांबवले. ही गोष्ट आई दर दिवाळीला सांगते. तिच्या दृष्टीने विज्ञान म्हणजे ती गुलाबी काचनळी. (हे आम्ल घरी आणून प्रयोग करू नका. मामाच्या सदऱ्याला भोके पडली होती.)

आता तिसरा थांबा, ज्यासाठी मुख्यतः आपण आलो. २९ डिसेंबर १९४५ रोजी, महायुद्ध संपून जेमतेम चार महिने झाले असताना, मोहम्मद हाशम प्रेमजी यांची ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड’ ही कंपनी नोंदली गेली आणि तिचा वनस्पतीचा कारखाना अंमळनेरात उभा राहिला. त्या लांबलचक नावाचे पुढे संक्षिप्त रूप झाले ‘विप्रो’. आज बंगळुरूत बसून जगभराला संगणकसेवा देणाऱ्या कंपनीचे मूळ खानदेशातल्या तेलाच्या कारखान्यात आहे. १९६६ साली वडिलांच्या निधनानंतर एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतील शिक्षण सोडून परतले, तेव्हा त्यांच्या हाती आले ते हेच: ‘सनफ्लॉवर’ वनस्पती आणि ‘७८७’ हा कपडे धुण्याचा साबण. गावातल्या अनेक कुटुंबांनी तेव्हा घेतलेले किंवा मिळालेले थोडेसे समभाग पुढे कसे वाढले, त्याच्या कथा तुम्हाला येथे चहाच्या टपरीवरही ऐकायला मिळतील. त्या मनोरंजक असतात. त्यांत मी शिरत नाही.

कारखान्यात परवानगीवाचून प्रवेश नाही. फाटकाबाहेरूनच पाहायचे, आणि खरे तर पाहण्यासारखे फारसे नाही. पण रस्त्याच्या कडेला उभे राहून किंवा रिक्षातच बसून विचार करण्यासारखे बरेच आहे.

तेल गोठवण्याची विद्या सैन्याच्या भुकेतून आली. १८६९ साली फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनने सैनिकांसाठी आणि गरिबांसाठी लोण्याला स्वस्त पर्याय मागितला आणि मेज-मुरिये नावाच्या रसायनज्ञाने मार्गरिन तयार केले. पुढे १९०२ साली विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनज्ञाने द्रव तेलातून, निकेलच्या बारीक चूर्णाच्या सान्निध्यात, हायड्रोजन वायू सोडून ते घट्ट करण्याचे पेटंट घेतले. ज्या मूलभूत संशोधनावर हे आधारलेले होते, त्यासाठी पॉल साबातिये यांना १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पहिल्या महायुद्धात चरबीचा प्रत्येक थेंब मोलाचा झाला, कारण चरबीपासून साबण करताना ग्लिसरीन निघते आणि ग्लिसरीनपासून स्फोटके होतात. दुसऱ्या महायुद्धात तर अमेरिकेतील गृहिणींना कढईत उरलेली चरबी डब्यात साठवून खाटकाकडे परत देण्याचे आवाहन केले गेले होते. स्वयंपाकघर आणि तोफखाना यांमधील अंतर आपण समजतो तेवढे नसते.

हिंदुस्थानात १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला, तिकडून येणारा तांदूळ थांबला, शिधापत्रिका आल्या, १९४३ साली बंगालात दुष्काळाने लाखो माणसे मेली. तूप महाग, दूध कमी. अशा वेळी भुईमुगाच्या मुलखात, रेल्वेच्या कडेला, तेलाला घट्टपणा देणारा कारखाना काढणे हा काळाला सुचलेला उपाय होता. डब्यात बंद केलेली वनस्पती महिनोन्‌महिने खवट होत नाही, प्रवासात सांडत नाही, पुऱ्यांना खुसखुशीत करते. सरकारने पुढे तिच्यात ‘अ’ जीवनसत्त्व घालणेही सक्तीचे केले, जेणेकरून गरिबाला तुपातले काहीतरी तिच्यातून मिळावे. म्हणजे त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे ती केवळ स्वस्त नव्हती, तर हितकरही मानली जात होती.

मग बिघडले कोठे? तेलाचे रेणू वाकड्या काटक्यांसारखे असतात. वाकड्या काटक्यांची मोळी घट्ट बांधता येत नाही. मध्ये फटी राहतात, म्हणून तेल पातळ. त्यांत हायड्रोजन भरला की काटक्या सरळ होतात, मोळी घट्ट बसते, तेल गोठते. पण हे काम अर्धवट सोडले, आणि वनस्पतीत ते अर्धवटच सोडावे लागते, नाही तर ती मेणासारखी होईल, तर काही काटक्या हायड्रोजन न भरताच नुसत्या पीळ पडून सरळ होतात. यांनाच ‘ट्रान्स’ मेदाम्ले म्हणतात. निसर्गात दुधा-तुपात ती किंचित असतात; अर्धवट गोठवलेल्या तेलात मात्र भरपूर. नेदरलँड्समधील मेन्सिंक आणि काटान या संशोधकांनी १९९० साली दाखवून दिले, की हे मेद रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, वाढवतात आणि त्याच वेळी चांगले, म्हणजे एचडीएल, घटवतात. पुढच्या अभ्यासांनी हृदयविकाराशी असलेला संबंध पक्का केला. आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ट्रान्स मेदाची मर्यादा आधी दहा टक्के, मग पाच, २०२१ मध्ये तीन आणि जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांवर आणली.

आता आईविषयी. तिचे लग्न १९६७ साली झाले आणि ती जळगावला आली. माहेरच्या गावाचा डबा म्हणून ती सासरीही सनफ्लॉवरच आणायची. रिकाम्या डब्यात गहू, डाळी, आणि गंजलेल्या डब्यात तुळस. सणाला पुऱ्या, शंकरपाळे, बुंदीचे लाडू, सगळे त्याच पांढऱ्या लगद्यात. वडिलांना तिच्या हातचे शंकरपाळे आवडत. ते १९८९ साली गेले, अठ्ठावन्नाव्या वर्षी, झोपेत, हृदयविकाराने. त्यानंतर पुष्कळ वर्षांनी कोठल्या तरी नियतकालिकात ट्रान्स मेदावरचा लेख आईने वाचला, कात्रीने नीट कापला आणि गोळ्यांच्या डब्यात घडी करून ठेवला. मला तो सापडला दोन वर्षांपूर्वी, तिच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत दोन स्टेंट बसवल्यानंतर, गोळ्या लावून देताना. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “राहू दे तिथेच.” पुढे काही बोलली नाही.

तुम्ही काळजी घेणारे असाल तर हे तुम्हालाही भेटले असेल. म्हातारपणी माणसे औषधांच्या यादीत न लिहिलेले काहीतरी रोज गिळत असतात. जेवण अर्धवट टाकणे, ‘मला कशाला एवढा खर्च’, पथ्याचा अतिरेक. आईने तेल जवळजवळ सोडले होते. वजन सात किलोंनी उतरले होते. आहारतज्ज्ञांनी सांगितले की या वयात इतके कोरडे जेवण बरे नव्हे, पण ती ऐकेना. मला वाटे तिला रोगाची भीती आहे.

कारखान्याच्या फाटकासमोर आम्ही रिक्षा थांबवली. आई उतरली नाही. बराच वेळ पाहत राहिली आणि मग म्हणाली, “मीच घातलं ना त्यांना ते बावीस वर्षं.”

अशा वेळी ‘छे, तसे काही नाही’ असे म्हणण्याची घाई होते. ते उत्तर टाळावे, असे माझे मत आहे. कारण ते खोटे असते आणि म्हाताऱ्या माणसांना खोटे पटकन कळते. मी तिला फक्त दोन वर्षे सांगितली. बाबा गेले १९८९ साली. नेदरलँड्समधला तो अभ्यास छापला गेला १९९० साली. तू ज्या दिवशी शेवटचे शंकरपाळे तळलेस, त्या दिवशी हे जगात कोणाला नीटसे ठाऊक नव्हते. डब्यावर तर ‘अ’ जीवनसत्त्वयुक्त असे लिहिलेले असायचे. आणि बाबांची बिडी? रक्तदाबाची गोळी ते आठवड्यातून किती दिवस घेत? त्यांचे वडील कितव्या वर्षी गेले? तिने तीनही प्रश्नांची उत्तरे एकेक करून दिली, परीक्षेत दिल्यासारखी. शेवटच्या उत्तरानंतर ती म्हणाली, “तुझ्या मामाच्या नळीत हे दिसलं नसतं का?” मी म्हणालो, “नाही. ती नळी फक्त तीळ ओळखते.”

यावर ती हसली. फार नाही.

तिचे मन मोकळे झाले, असा माझा दावा नाही. आमचे हृदयरोगतज्ज्ञ अशाच प्रसंगी एकदा म्हणाले होते की एका माणसाच्या झटक्याचे एकच कारण सांगता येत नाही, आणि ते तेव्हा तिने ऐकून घेतले होते, मानले नव्हते. फाटकासमोर तिने निदान विचारले तरी.

तुमच्या घरातल्या डब्यांविषयी दोन शब्द, कारण हे विचारणारी पत्रे येतात. वनस्पती, बेकरीची बिस्किटे, खारी, टोस्ट, गाड्यावरचे तळण यांच्या वेष्टनावर ‘हायड्रोजनेटेड’ किंवा ‘अंशतः हायड्रोजनेटेड’ हा शब्द दिसतो का ते पाहा. वेष्टन नसेल तर कमी खा. घरी एकदा तळलेले तेल पुन्हापुन्हा कढवू नका. मात्र भीतीपोटी ज्येष्ठांचे तेल पार बंद करू नका. शेंगदाणा, तीळ, करडई यांचे तेल बेताने, आणि किती ते तुमच्या डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारून. वजन नकळत उतरत असेल तर तेही कोलेस्टेरॉलइतकेच गांभीर्याने घ्या.

शेवटचा थांबा बोरी नदी. ऊन कलल्यावर येथे यावे. काठावर संत सखाराम महाराजांची वाडी आहे आणि नदीच्या पात्रात त्यांची समाधी. वैशाखात, शुद्ध एकादशीला रथ आणि पौर्णिमेला पालखी निघते, तेव्हा सारा खानदेश येथे लोटतो. ज्येष्ठांनी ती यात्रा दुरूनच पाहिलेली बरी. हिवाळ्यातल्या साध्या संध्याकाळी मात्र येथे निवांतपणा असतो. पायऱ्या असतील तेथे खालपर्यंत उतरण्याचा हट्ट करू नका, वरूनही दर्शन होते. आईने वरूनच हात जोडले. मग लहानपणी गिरणीच्या भोंग्यावर घरातली कामे कशी चालत, पहिल्या भोंग्याला अंघोळ आणि दुसऱ्याला भाकरी, हे ती सांगत राहिली. भोंगा थांबून किती वर्षे झाली हे तिला सांगता आले नाही, पण तो कोणत्या स्वरात वाजे ते तिने तोंडाने करून दाखवले. शेजारी बसलेली एक लहान मुलगी तिच्याकडे पाहू लागली, तेव्हा तिने ते पुन्हा केले.

जेवणाचा डबा आम्ही सोबत नेला होता: कळण्याची भाकरी, भरीत, शेंगदाण्याची चटणी. बाहेर खायचे असल्यास खानदेशी शेवभाजी मिळते, पण तिच्यावरचा तेलाचा तवंग आणि तिखट ज्येष्ठांच्या पोटाला सोसवेलच असे नाही. थोडी चव घ्या आणि सोबत ताक मागा. आईने भरीत मागून घेतले. दुसऱ्यांदाही घेतले. भरिताला वरून कच्चे शेंगदाणा तेल सोडले होते, हे तिला दिसत होते.

परतीची गाडी चाळीस मिनिटे उशिरा होती. मी बाकावर जागा धरली, पाण्याची बाटली काढली, संध्याकाळच्या गोळ्या मोजल्या. गोळ्यांच्या डब्यात कात्रण होते तसेच होते. मान वर केली तर आई शेजारी नव्हती. ती फलाटावर चालत होती, काठी उजव्या हातात, दिव्याच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत आणि परत. दुसऱ्या फेरीत माझ्यासमोरून जाताना म्हणाली, “बस तू. गाडी आली की सांगते.”